सीटमागची गुरगुर

१

आमच्या गाडीचं इंजिन शिवणाच्या मशीनसारखं वाजतं. हे बाहेर बोलायचं नाही, पण खरं आहे. इंजिन लहान, धुराचे नियम कडक, काचा जाड. आत बसलेल्या माणसाला एक बारीक टिकटिक तेवढी ऐकू येते. आणि स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला टिकटिक नको असते, डरकाळी हवी असते. ती डरकाळी बनवणं हे माझं काम. सीटच्या मागे, कापडाखाली दोन स्पीकर बसवलेले असतात. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबलात की इंजिन आपलं निमूट फिरत राहतं आणि स्पीकर गर्जतात. तुम्हाला वाटतं, काय ताकद आहे!

काय करतोस असं कोणी विचारलं की मी "गाड्यांच्या कंपनीत आहे" म्हणून विषय बदलतो. बायको मात्र चारचौघांत हमखास सांगते, "हा गाड्यांना खोटे दात बसवतो." सगळे हसतात. मीही हसतो, दुसरं काय करणार?

कंपनीत आमची एक खोली आहे. भिंतींना, छताला, दाराच्या आतल्या बाजूलाही राखाडी फोमचे सुळके. तिथे टाळी वाजवली तर ती हातातच मरते. थोडा वेळ गप्प बसलं की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येतं. आम्ही तिला मुकी खोली म्हणतो. नवीन आवाज झाला की साहेब तिथे येऊन, डोळे मिटून, पाय लांब करून ऐकतात. या गाडीच्या वेळी ते एकच वाक्य धरून बसले होते.

"पोट नाही रे याला. गळ्यातून ओरडतोय. पोटातून यायला हवा."

मी जुन्या लॉरीचा आवाज लावून पाहिला, पिठाच्या गिरणीचा लावला, प्राणिसंग्रहालयात जाऊन एका म्हाताऱ्या वाघाचाही आणला. वाघ नुसता जांभया देत होता. साहेब प्रत्येक वेळी डोळे उघडून म्हणायचे, "पोट नाही."

२

माझी बायको मोठ्या माणसांना पोहायला शिकवते. पन्नाशी-साठीचे लोक, पाण्याला घाबरणारे, तिच्या एका हाकेसरशी उड्या टाकतात. आवाज असा की तलावाच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या माणसाचा पाय सरळ करते. सकाळच्या तुकडीसाठी तिला अंधारात उठावं लागतं, म्हणून दुपारी ती बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपते. आणि घोरते. साधंसुधं नाही. आधी खोल, लांब, घरातल्या कपबशा ऐकून घेतील असं. मग मध्येच अडकतं, ओठ मिटल्याचा एक ‘चप्’ आणि झोपेतच समजूत काढल्यासारखं "हं हं". मग पुन्हा पहिल्यापासून.

एकदा आम्ही तिच्या भावाकडे राहिलो होतो. सकाळी चहाच्या टेबलावर तिच्या वहिनीनं सगळ्यांसमोर नक्कल करून दाखवली, अगदी ‘चप्’ आणि "हं हं" सकट. भाऊ खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. मीही हसलो. ती पण हसली, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यानंतर ती कोणाच्याही घरी रात्रीची राहिलेली नाही.

"हे घरच्यांच्या बाहेर जाऊ देऊ नकोस," परतताना ती मला म्हणाली होती. "माझ्या धंद्यात लोक मला घाबरले पाहिजेत. शपथ घे."

मी शपथ घेतली. गमतीत घेतली नव्हती.

तरी एका दुपारी मी नवा माइक तपासायला घरी आणला होता, ती सोफ्यावर झोपली होती, आणि खोलीत दुसरा कसलाच आवाज नव्हता. माइक कशावर तरी तपासायलाच हवा होता. मी तो तिच्या उशीजवळ धरला. पुसून टाकू लगेच, असं मी मनाशी म्हणालोसुद्धा.

मग तो आवाज कॉम्प्युटरवर चढवला. सहज, काय होतं बघू म्हणून, खाली ओढला, लांबवला. ‘चप्’ आणि "हं हं" कापून फेकून दिलं. उरलेलं जे स्पीकरमधून आलं, त्यानं माझ्या टेबलावरचा पेन गडगडत कडेला गेला.

३

मुक्या खोलीत साहेबांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"हे रे हे," ते म्हणाले. "कुठून आणलंस?"

"जुनं डिझेल इंजिन आहे," मी म्हणालो. "एका पंपहाउसमधलं."

"पोट आहे याला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुक्या खोलीत टाळ्या फार केविलवाण्या वाजतात. माझी मान खाली गेली, तर साहेब म्हणाले, बघा, किती विनयशील आहे. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पण आवाज शेवटी आकड्यांचा असतो, मी स्वतःला सांगितलं. आकडे बदलले की तो कोणाचाही राहत नाही.

आमच्याकडे गाडी चालवून बघणारा एक दणकट माणूस आहे. दिवसभर त्याच गोल ट्रॅकवर फिरतो म्हणून त्याला सगळे भिंगरी म्हणतात. दोनतीन दिवसांनी तो जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी येऊन बसला.

"आवाज झकास आहे हां तुझा. पण गाडी थांबवली ना, की शेवटी ती तोंड मिटते."

"म्हणजे?"

"चप्." त्यानं ओठ मिटून दाखवलं. "आणि मग काहीतरी हं हं करते. लाडात आल्यासारखी. मला आवडतं, पण ते ठेवलंयस का मुद्दाम?"

मी डबा तसाच सोडला. उठून माझ्या कामाच्या टेबलाकडे गेलो, फाइल उघडली, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, पुन्हा ऐकली. ते तुकडे नव्हते. मी कापले होते ते कापलेलेच होते.

मग गाडीत जाऊन बसलो. इंजिन चालू केलं, थोडं गुरगुरू दिलं, बंद केलं.

चप्. हं हं.

४

त्या दुपारी मी लवकर घरी आलो. ती सोफ्यावर झोपली होती आणि घरात चिडीचूप शांतता होती. छाती वर-खाली होत होती, ओठ थोडे उघडे. मी नाकासमोर हात धरला. श्वास गरम होता, आवाज मात्र नव्हता. घोरण्याचा नव्हे, श्वासाचाही.

ती जागी झाली आणि माझा हात बघून हसली.

"घोरत नाहीये ना? मला वाटतच होतं. कुशीवर झोपायला लागले तेव्हापासून हलकं वाटतंय. चला, कानसेन, तुमची सुटका झाली."

इतकी खूश होती की माझ्यानं काही बोलवलं नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली. जाताना चपलेचा आवाज झाला नाही. मी स्वतःला समजावलं, चपला मऊ असतील. तिनं चहात साखर घातली आणि चमच्यानं ढवळली. चमचा कपाच्या कडांना लागत होता, मला दिसत होतं. आवाज नव्हता.

माणूस स्वतःचे आवाज ऐकत नाही. तिला काहीच कळलं नव्हतं. माझा धंदाच ऐकण्याचा, त्यामुळे मला फक्त तेवढंच कळत होतं.

ती पाठमोरी असताना मी पिशवीतून आवाज मोजायचा मीटर काढला. त्याचा काटा फ्रिजच्या घरघरीवर थरथरत होता. ती ढवळत राहिली, काटा तसाच घरघरीपुरता थरथरत राहिला. तिनं कप माझ्याकडे सरकवला. मी तोच चमचा त्याच कपात फिरवला. किणकिण झाली आणि काट्यानं उडी मारली.

"काय मोजतोयस?" तिनं विचारलं.

"काही नाही. मीटर बिघडलाय."

दुसऱ्या दिवशी साहेब गाडीतून उतरले ते हात चोळतच. "तिसऱ्या गिअरला काय घातलंस रे वरून? कशी बारीक, चांदीसारखी किणकिण येते! सांगितलंही नाहीस."

"केलं थोडं," मी म्हणालो.

हे बोलायची काहीच गरज नव्हती. माझी लाज तिथे दुप्पट झाली आणि तरी मी मान डोलावत उभा राहिलो.

५

तिच्या सकाळच्या तुकडीत एक निवृत्त न्यायाधीश होते. ती त्यांना सगळ्यांसमोर झापायची, "जजसाहेब, पाय! पाय कुठे ठेवलेत घरी?" आणि ते आनंदानं ऐकून घ्यायचे. त्या दिवशी ते पोहत पोहत खोल टोकाकडे गेले आणि मध्येच दमले. तिनं हाक मारली. ते फिरले नाहीत. तिनं शिट्टी फुंकली. शेवटी कपड्यांसकट उडी टाकून तिनं त्यांना ओढून बाहेर काढलं. थोडं पाणी पोटात गेलं होतं, बाकी काही झालं नाही.

घरी आली तेव्हा केस ओलेच होते. बोलत होती, पण तिचं बोलणं ऐकायला मला कान तिच्या तोंडाजवळ न्यावा लागला.

"मी ओरडले. पोटातून ओरडले, नेहमीसारखी. काहीच आलं नाही. शिट्टीतूनही नाही, अरे. शिट्टीला काय झालं? शिट्टीचा घसा बसतो का?"

डॉक्टरांनी दिवा लावून घसा बघितला आणि सगळं व्यवस्थित आहे म्हणाले. तलावाच्या मॅनेजरनं तिला आवाज परत येईपर्यंत घरी बसायला सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. आवाज नसलेल्या माणसाच्या भरवशावर कोण पाण्यात उतरणार? ती सोफ्यावर उशी पोटाशी धरून बसून राहिली. ते काम म्हणजे तिचा जीव होता.

"तू आवाजातला माणूस," ती माझ्या कानाशी म्हणाली. "तूच सांग. माझा आवाज कुठे जातोय?"

एवढं सरळ विचारल्यावर तरी माणसानं सांगावं. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण मला चहाचं टेबल दिसलं, तिच्या लाल झालेल्या पाळ्या दिसल्या, टाळ्या वाजवणारे साहेब दिसले.

"ताण असेल," मी म्हणालो.

६

मी साहेबांच्या खोलीत गेलो.

"तो आवाज बदलू या का? वरच्या वेगाला फाटतोय थोडा."

"कुठे फाटतोय? मला तर दिवसागणिक मोकळा होतोय असं वाटतं." साहेबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "खरं कारण सांग. दुसऱ्या कोणाचा उचललायस का?"

"नाही, नाही."

"मग? पंपहाउसवाल्यांनी तक्रार केलीय?"

"तसं नाही."

"मग जा, झोप काढ. चेहरा बघ कसा झालाय."

एकच वाक्य बोलायचं होतं, माझ्या बायकोचं घोरणं आहे ते. पण ते वाक्य मनात म्हणून बघितलं की पाठोपाठ सगळ्या ऑफिसचं हसणं ऐकू यायचं.

मग मी चोरासारखं काम केलं. जेवणाच्या सुट्टीत गाडीच्या कॉम्प्युटरमधून तिची फाइल काढून टाकली आणि जुन्या लॉरीची घातली. भिंगरी एक फेरी मारून आला आणि काच खाली करून ओरडला, "कडक! आज तर गाते आहे!"

त्याला खाली उतरवून मी आत शिरलो. सीटमागचं कापड सोडवलं आणि दोन्ही स्पीकरच्या वायरी उपटल्या. इंजिन बंद, दार बंद, वर्कशॉपमध्ये कोणी नाही. बाहेर टळटळीत ऊन होतं. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐकत राहिलो. इथे काहीही ऐकू येणं शक्य नाही, हे मी कोणाला कागदावर सिद्ध करून दिलं असतं. माझ्या एका हातात दोन सुट्या वायरी होत्या, आणि सीटमागे कोणीतरी कूस बदलली. उशी सारखी केल्याचा आवाज आला. मग श्वास, लांब, गाढ झोपेतला.

मी मागे वळून पाहिलं नाही. वायरी पुन्हा जोडल्या, कापड लावलं, हात पुसले.

करता येण्यासारखं सगळं करून झालं होतं. एकच गोष्ट केली नव्हती, तिला सांगणं. ते केलं तर सगळं परत येईल, असं मला का कोण जाणे पक्कं वाटत होतं. आणि तेवढंच माझ्यानं होत नव्हतं.

७

आमच्याकडे एक पद्धत आहे. गाडी बाजारात जाण्याआधी प्रत्येकानं घरचं एक माणूस आणायचं आणि त्याला गाडीतून फिरवायचं. आमचे कान बिघडलेले असतात, घरच्यांचे नसतात, म्हणून. साहेब दरवेळी आपल्या आईला आणतात आणि त्या दरवेळी म्हणतात, गरम होतंय.

मी यंदा एकटाच जाणार होतो, पण साहेबांनी घरी फोन केला होता. तोवर तिचा आवाज पुरता गेला होता. फोनवर तिनं नुसतं ऐकून घेतलं. मी तयार झालो तर ती दारात निळे कपडे घालून उभी. चार दिवस घरात कोंडून काढले होते. कुठेतरी जायला मिळतंय याचाच तिला आनंद होता.

"वहिनी, या!" साहेब हात जोडून पुढे आले. "यजमानांनी तुमच्या काय आवाज काढलाय! आता ऐकाच."

तिनं घशाकडे बोट दाखवून मान हलवली आणि हसली. भिंगरीनं तिच्यासाठी दार उघडलं. मी काचा वर घेतल्या आणि बटण दाबलं.

गुरगुर सुरू झाली. तिनं भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं, कौतुकानं. मला ते बघवेना. मी गाडी ट्रॅकवर घेतली. दुसरा गिअर, तिसरा. किणकिण आली. चहाच्या कपातली, रोज दुपारची. तिनं हात मागे नेऊन सीटच्या पाठीवर टेकवला, तिथे काही धडधडतंय का बघावं तसा. वेग वाढला तसं त्या गुरगुरीत बरंच काही होतं: फरशीवरच्या चपला, कपाटाचं दार, आंघोळ करतानाचं गुणगुणणं. मी एवढं कधी ऐकलं नव्हतं. तिला ते कळत होतं की नाही, मला सांगता येत नव्हतं.

वळणावर मी वेग कमी केला.

चप्. हं हं.

तिनं स्वतःचं घोरणं कधी ऐकलं नव्हतं. कोणीच ऐकत नाही. पण भावाकडे तिच्या वहिनीनं केलेली नक्कल तिनं ऐकली होती. तिच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या. ती माझ्याकडे वळली आणि तिनं तोंड उघडलं.

"हे माझं आहे," सीटच्या मागून आवाज आला.

तिचाच आवाज. बसलेला नाही, चिरका नाही. तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला पोचणारा, भरदार. ओठ माझ्या शेजारी हलत होते आणि शब्द मागून येत होते.

"हे तू सगळ्यांना ऐकवलंस?"

मी समोर बघत राहिलो. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर घट्ट चिकटला होता, तिचा आवाज त्याबरोबर चढत होता.

"किती जणांना? अरे, मी पाण्यात ओरडत होते. माणूस बुडत होता. तेव्हा तुला माहीत होतं?"

शेवटचं वळण आलं. समोर साहेब, त्यांची आई, भिंगरी, सगळे ओळीनं उभे होते. ती पुढचं काही बोलायच्या आत मी ब्रेक दाबला आणि बोट पुढे करून इंजिन बंद केलं.

गाडीत एकदम मुक्या खोलीसारखं झालं.

ती बोलतच होती. ओठ भराभर हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं माझा दंड धरून हलवला. कापडाचीही सळसळ झाली नाही. मग ती एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लागली आणि बोटानं बटण दाखवायला लागली. तेवढा शब्द मला ओठांवरून वाचता आला. चालू कर. चालू कर. ती स्वतः बटणाकडे वाकली, तर मी त्यावर तळहात ठेवला. बोट उचलून दाबलं असतं तरी पुरे होतं. किंवा तिच्याकडे बघून हो, माहीत होतं, एवढं म्हटलं असतं तरी.

साहेबांनी काचेवर टकटक केली. मी दुसऱ्या हातानं काच खाली घेतली. ते वाकून आत बघत होते, तोंडभर हसत.

"वहिनींच्या डोळ्यांत पाणी आणलंस की रे! काय म्हणतायत?"

बटणावरच्या माझ्या हातावर तिची नखं रुतली होती.

"आवडला म्हणते," मी म्हणालो.